खांद्याला सोसेल ते काडतूस

पत्राचा सारांश: पत्रलेखिका मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या असून गेली बरीच वर्षे कोलोरॅडोत राहतात. त्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे, शिकारीचे सक्तीचे प्रशिक्षण त्यांनी पूर्ण केले आहे आणि यंदाच्या सोडतीत त्यांना मादी एल्कच्या (एल्क म्हणजे सांबरासारखे मोठे हरीण) शिकारीचा परवाना मिळाला आहे. रायफलीचा हंगाम ऑक्टोबरच्या शेवटी आहे. घरात सहा वर्षांची मुलगी आहे आणि हे मांस वर्षभर घरी खाल्ले जावे, हाच शिकारीमागचा हेतू आहे. कार्यालयातले अनुभवी सहकारी त्यांना ठामपणे सांगतात की एल्कसाठी .३०० विंचेस्टर मॅग्नम या जबर काडतुसाहून सौम्य काडतूस वापरणे हे जनावराशी क्रौर्य आहे. बंदुकीच्या दुकानातल्या विक्रेत्याने मात्र ‘बायकांना हेच झेपते’ असे म्हणून ६.५ क्रीडमूर हे सौम्य काडतूस पुढे केले. एका सहकाऱ्याच्या मॅग्नम रायफलीतून त्यांनी काही बार काढून पाहिले, तेव्हा खांदा काळानिळा झाला आणि त्यानंतर चाप ओढताना त्यांचे डोळे आपोआप मिटू लागले. त्या विचारतात: ‘जनावर माझ्या हातून जखमी होऊन निसटले, तर मला ते आयुष्यभर खात राहील. मग धक्का सोसून मॅग्नमच शिकून घ्यावे, की एल्कचा नाद सोडून द्यावा?’

सप्रेम नमस्कार.

जनावर जखमी होऊन निसटू नये, ही तुमची चिंता अगदी योग्य आहे आणि काडतुसाची निवड तिच्यापासूनच सुरू व्हायला हवी. परंतु तुम्ही स्वतःपुढे ठेवलेले दोन्ही मार्ग एकाच समजुतीवर उभे आहेत: काडतूस जितके जबर, तितके जनावराचे हाल कमी. तुमच्या सहकाऱ्यांनी ही समजूत तुमच्या गळी उतरवली आहे, आणि विक्रेत्यानेही ती तशीच धरून तुम्हाला केवळ सौम्य मालाच्या कपाटाकडे वळवले आहे. मला ती समजूत मान्य नाही, आणि का नाही ते जरा सविस्तर सांगते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला, आणि ते योग्यच झाले. पण त्यामुळे परदेशात रीतसर परवाना काढून शिकारीला जाणाऱ्या मराठी माणसाला घरातल्या कोणा जाणत्याला विचारण्याची सोय उरलेली नाही, आणि मग जो सगळ्यांत ठासून बोलतो त्याचेच खरे मानले जाते.

एल्क हे सांबराच्या कुळातले मोठे जनावर आहे. पूर्ण वाढलेली मादी सव्वादोनशे किलोंच्या आसपास भरते आणि नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. एवढे जनावर गोळीच्या नुसत्या धक्क्याने कोसळत नाही. दोन्ही फुप्फुसे किंवा हृदय फाटून रक्तस्राव झाला आणि मेंदूकडे जाणारे रक्त तुटले की ते मरते. त्याला काही सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात उत्तम बार लागलेली एल्कसुद्धा पन्नास-शंभर पावले जाऊ शकते. त्यासाठी तीन गोष्टी घडाव्या लागतात: गोळी नेमक्या जागी लागली पाहिजे, ती फासळ्या ओलांडून दोन्ही फुप्फुसांपर्यंत खोल गेली पाहिजे, आणि वाटेत तिचे तोंड उमलून जखम रुंद झाली पाहिजे. पहिली गोष्ट तुमच्या हातात आहे, दुसरी आणि तिसरी बहुतांशी गोळीच्या बनावटीवर ठरते, आणि काडतुसाचे काम त्या गोळीला पुरेसा वेग देण्याएवढेच आहे. पोटात बसलेली मॅग्नमची गोळी एल्कला तासन्‌तास तडफडत ठेवते. फुप्फुसांतून आरपार गेलेली .३०८ सारख्या सौम्य काडतुसाची गोळी तिला फार वेळ उभी राहू देत नाही. म्हणून क्रौर्याचा प्रश्न काडतुसाच्या नावाने सुटत नाही.

आता आकडे पाहू, कारण दुकानात तुमच्यावर त्यांचाच मारा होणार आहे. कोलोरॅडोच्या नियमानुसार एल्कसाठी रायफलीच्या नळीचा आतला व्यास किमान .२४ इंच हवा, गोळी उमलणारी आणि निदान ८५ ग्रेन वजनाची हवी, आणि शंभर यार्डांवर तिच्यात किमान १,००० फूट-पाउंड ऊर्जा शिल्लक असायला हवी. ग्रेन म्हणजे पाउंडाचा सात हजारावा भाग. जुने शिकारी याहून कडक अंदाज बाळगतात आणि जनावरापर्यंत पोचताना १,५०० फूट-पाउंड उरावेत असे म्हणतात. हा काही निसर्गनियम नव्हे, पण पदरी थोडी शिल्लक ठेवण्याचा हिशेब म्हणून मला तो पटतो. .३०० विंचेस्टर मॅग्नमची १८० ग्रेनची गोळी नळीतून बाहेर पडताना सुमारे ३,५०० फूट-पाउंड घेऊन निघते, .३०-०६ स्प्रिंगफील्डची तेवढ्याच वजनाची गोळी सुमारे २,९००, .३०८ विंचेस्टरची १६५ ग्रेनची २,६५० च्या थोडी वर, ७ एमएम-०८ रेमिंग्टनची १४० ग्रेनची २,४०० च्या वर आणि ६.५ क्रीडमूरची १४३ ग्रेनची सुमारे २,३००. हा फरक कागदावर मोठा दिसतो. परंतु दोनशे यार्डांवर यांतल्या सगळ्यांत सौम्य काडतुसाची ऊर्जाही त्या जुन्या कडक अंदाजाच्या वरच असते, आणि पहिल्याच हंगामात तुम्ही त्यापलीकडे बार काढावा असे मला मुळीच वाटत नाही. मग उरलेली ऊर्जा कोणासाठी विकत घ्यायची?

तिची किंमत खांदा मोजतो. .३०८ मध्ये साधारण ४५ ग्रेन दारू भरलेली असते, .३०० मॅग्नममध्ये सत्तरच्या पुढे. गोळीबरोबरच या दारूचा वायूही नळीतून जोराने बाहेर पडतो आणि बंदुकीला मागे रेटतो. सारख्याच वजनाच्या रायफलीत मॅग्नमचा धक्का .३०८ च्या सुमारे दीडपट आणि क्रीडमूरच्या दुपटीच्या आसपास जातो. खांद्यावरचा निळा डाग आठवड्याभरात जाईल. खरे नुकसान डोळे मिटण्याचे आहे. शरीराने एकदा तो दणका लक्षात ठेवला की चाप सुटण्याच्या आधीच खांदा आखडतो, हात नळी खाली ढकलतो आणि डोळे मिटतात; मग दुर्बिणीतली फुली फुप्फुसांवर असली तरी गोळी छातीखालून किंवा पोटात जाते. हे तुम्ही बाई आहात म्हणून झालेले नाही. धिप्पाड पुरुषांनाही हीच खोड जडलेली मी नेमबाजीच्या रेंजवर पाहिली आहे, आणि ती ओळखण्याचा उपाय सगळ्यांना सारखाच लागू पडतो. एखाद्या विश्वासू जोडीदाराला तुमची रायफल भरायला सांगा. त्याने कधी खरे काडतूस घालावे, कधी सरावासाठी मिळणारे पोकळ, आणि तुम्हाला कळू देऊ नये. पोकळ काडतुसावर चाप ओढला जाईल तेव्हा बार होणार नाही, आणि नळीचे टोक कसे गचकन खाली जाते ते तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

ही खोड धक्का सोसून जात नाही, उलट पक्की होते. म्हणून ‘सोसून मॅग्नमच शिकावे’ हा तुमचा पहिला पर्याय मी बाजूला ठेवायला सांगते. निदान महिनाभर .२२ रिमफायर या अगदी सौम्य, लहान काडतुसाच्या रायफलीवर सराव करा, घरी रिकाम्या रायफलीवर चाप ओढण्याचा अभ्यास करा (खोलीत एकही काडतूस नाही याची खात्री करून), आणि रेंजवर कानांत बोळे घालून त्यावर कानटोपही चढवा. पुष्कळदा आपण धक्क्याला भितो असे वाटते, पण शरीर दचकत असते ते आवाजाला.

काडतुसांच्या वादात जी गोष्ट हमखास मागे पडते, ती म्हणजे गोळीची बनावट. जॉन नॉस्लर हे अमेरिकन शिकारी १९४६ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूस या प्रचंड हरणाच्या मागे होते. हातात .३०० एच अँड एच मॅग्नमसारखे दणकट काडतूस होते, पण त्यांच्या गोळ्या त्या चिखलाने माखलेल्या जनावरावर वरच्यावर फुटल्या आणि आत पोचल्याच नाहीत. त्यातून त्यांनी मध्ये तांब्याचा आडपडदा असलेली गोळी तयार केली, जिचा पुढचा अर्धा भाग उमलतो आणि मागचा अखंड राहून पुढे घुसतो. १९४८ पासून ती बाजारात आहे आणि आजही एल्कसाठी वापरली जाते. त्यांनी मॅग्नम सोडून आणखी मोठे मॅग्नम शोधले नाही, गोळी बदलली, हे तुमच्या सहकाऱ्यांना जरूर सांगा. आज एल्कसाठी तीन प्रकारच्या गोळ्या भरवशाच्या आहेत: ही आडपडद्याची, शिसे आणि तांब्याचे वेष्टण एकमेकांना सांधून टाकलेली, आणि संपूर्ण तांब्याची. लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी केलेल्या, लागताच भुगा होणाऱ्या पातळ वेष्टणाच्या गोळ्या एल्कच्या खांद्याच्या हाडासमोर नेऊ नका, मग काडतूस कोणतेही असो.

तुमच्या घरात लहान मूल आहे, म्हणून मी संपूर्ण तांब्याच्या गोळीकडे झुकते. शिशाची गोळी मांसातून जाताना तिचे अतिसूक्ष्म कण जखमेपासून बरेच दूरवर विखुरतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत, दातांना लागत नाहीत. २००८ साली नॉर्थ डाकोटात दान आलेल्या हरणाच्या मांसात असे कण आढळल्यावर तिथल्या अन्नपेढ्यांना ते मांस वाटू नये असे सांगण्यात आले. मुलांच्या रक्तात शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. मेलेल्या जनावराच्या आतड्यांवर जगणारे गरुड आणि गिधाडेही याच कणांनी मरतात. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी घातली, त्यामागे हे मोठे कारण होते. कोलोरॅडोत अशी सक्ती नाही, पण सक्ती नसताना केलेली निवडही आपलीच असते. तांब्याची गोळी जवळजवळ सगळे वजन राखून आरपार जाते, म्हणून ती थोडी हलकी घेतली तरी चालते. तिची एक अट आहे: उमलण्यासाठी तिला पुरेसा वेग लागतो, त्यामुळे साधारण काडतुसातून ती तीनशे यार्डांच्या आतच वापरावी.

एवढे लक्षात घेतल्यावर काडतुसाचे नाव सांगणे सोपे होते. तुमच्या जागी मी .३०८ विंचेस्टर घेईन, १५० ग्रेनच्या तांब्याच्या गोळीसह. १९५२ पासूनचे हे काडतूस आहे, डोंगरातल्या छोट्या गावातल्या दुकानातही ते मिळते (सामानाची पिशवी घरी विसरली तर हे फार मोलाचे असते), आणि सरावाची काडतुसे स्वस्त असल्याने तुम्ही जास्त सराव कराल. ७ एमएम-०८ हे त्याच घराण्यातले, धक्क्याला आणखी सौम्य आणि एल्कला पुरेसे काडतूस आहे. मात्र आडवाटेच्या दुकानात ते मिळेलच असे नाही. विक्रेत्याची भाषा चुकीची होती, पण त्याने दाखवलेले काडतूस टाकाऊ नव्हते. ६.५ क्रीडमूर २००७ साली मुख्यतः निशाणाच्या स्पर्धांसाठी आले, आणि दणकट गोळी घालून अडीचशे यार्डांच्या आत ते मादी एल्कचे काम नीट करते. कोणा वाचकाकडे ती रायफल आधीपासून असेल आणि हात बसलेला असेल, तर केवळ एल्कसाठी ती बदलण्याची गरज नाही. .२७० विंचेस्टर आणि .३०-०६ यांच्याबद्दल गेल्या शतकात अमेरिकेतल्या शिकारी मंडळींमध्ये वर्षानुवर्षे वाद झडले, एका बाजूला वेगवान हलकी गोळी मानणारे आणि दुसऱ्या बाजूला जाड, जड गोळीवाचून एल्कवर बारच काढू नये म्हणणारे; तेवढ्या काळात दोन्हींनी असंख्य एल्क पाडल्या. .३०-०६ चा धक्का तुम्हाला सोसत असेल तर तेही उत्तमच. .२४३ कायद्यात बसते, पण चुकीला त्यात फारच कमी जागा उरते, म्हणून पहिल्या एल्कसाठी मी ते सुचवणार नाही. ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम, .३०० आणि .३३८ ही वाईट काडतुसे नाहीत. वर्षभर सराव करणाऱ्या आणि लांबच्या पल्ल्याचे खरोखर कसब असलेल्या शिकाऱ्यांसाठी ती आहेत.

काडतुसाइतकाच विचार रायफलीच्या मापाचा करा. दुकानातल्या बहुतेक रायफलींचा दस्ता चापापासून मागच्या टोकापर्यंत साडेतेरा इंचांच्या आसपास असतो, आणि लहान चणीच्या माणसाला तो लांब पडतो. मग मान पुढे ताणावी लागते, दस्ता खांद्याच्या खोबणीऐवजी दंडावर टेकतो आणि साधा धक्काही टोचतो. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे टोक दंडाला टेकवा. चापाच्या बोटाचे पहिले पेर सहज चापावर पोचले पाहिजे. नाही पोचले तर दस्ता आखूड करून मिळतो, किंवा आखूड दस्त्याची रायफल मागून घ्या. दुर्बीण डोळ्याच्या फार जवळ बसवू नका, नाहीतर तिची कड भुवईवर बसून जखम करते. दुर्बिणीसह साडेतीन-चार किलोंची रायफल घ्या, कारण चढावर सुखाची म्हणून विकली जाणारी फार हलकी रायफल धक्का तेवढाच जास्त देते. नळीच्या टोकाला लावायचा धक्का कमी करणारा ब्रेक मी टाळायला सांगते. त्याने खांदा वाचतो, पण शेजारी बसलेल्याच्या कानांवर आघात होतो, आणि रानात कानटोप नेहमी चढवलेला नसतो.

यानंतर तुमचा पल्ला तुम्हीच ठरवायचा आहे, पेटीवर छापलेल्या कोष्टकाने नव्हे. नऊ इंची कागदी ताटली शंभर यार्डांवर लावा. रेंजवरच्या टेबलाचा आधार घेऊ नका. थोडे धावून दम लागू द्या, मग गुडघ्यावर बसून किंवा काठ्यांच्या तिवईवर रायफल टेकवून पाच बार काढा. पाचही ताटलीत बसले तर दीडशेवर जा, मग दोनशेवर. ज्या अंतरावर एकही बार ताटलीबाहेर गेला, त्याच्या अलीकडचे अंतर ही या हंगामातली तुमची सीमा. एल्कच्या फुप्फुसांची जागा ताटलीहून बरीच मोठी असते, आणि नऊ-दहा हजार फुटांवरच्या विरळ हवेत धपापणाऱ्या छातीला तेवढी मोकळीक लागतेच. सीमा दीडशे यार्ड निघाली तर कमीपणा मानू नका. आणखी शंभर यार्ड रांगत जवळ जाणे हेही शिकारीचेच कसब आहे.

मादी एल्क बहुधा कळपात उभी असते, आणि इथे जबर काडतुसाचा एक तोटा दिसतो ज्याचा उल्लेख तुमच्या सहकाऱ्यांनी केलेला नाही. आरपार गेलेली गोळी मागच्या जनावरालाही लागते. तांब्याच्या गोळीलाही हेच लागू आहे. म्हणून निवडलेल्या मादीच्या मागे दुसरे जनावर नाही हे दिसेपर्यंत चाप ओढू नका. ती पूर्ण आडवी उभी असावी किंवा थोडी तुमच्यापासून दूर वळलेली असावी. समोरून किंवा मागून बार काढू नका. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने नजर वर न्या आणि छातीच्या उंचीच्या खालच्या एक तृतीयांशावर नेम धरा. बार होताच दुसरे काडतूस भरा, आणि ती अजून उभी असेल व कोन तोच असेल, तर पुन्हा बार काढा. पहिला चांगला बसला असेल या आशेवर थांबू नका. ती दिसेनाशी झाली तर अर्धा तास जागेवर बसून राहा. माग काढताना फेसाळ गुलाबी रक्त दिसले तर फुप्फुसे लागली आहेत. गडद लाल असेल तर बहुधा यकृत. हिरवट घाण मिसळलेली असेल तर पोट, आणि मग कित्येक तास तिच्या मागे जाऊ नका, कारण हुसकावलेली एल्क मैलोन्‌मैल जाते.

इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. एच-वन-बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगण्यास सर्वसाधारण मनाई आहे, आणि शिकारीचा वैध परवाना हा तिला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. मित्राची रायफल हातात घेण्यापूर्वीही वकिलाचा सल्ला घ्या. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचे प्रशिक्षण सक्तीचे आहे, आणि रायफलीच्या हंगामात कमरेच्या वरच्या भागात किमान ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कपडा आणि त्याच रंगाची टोपी घालावी लागते.

तुमच्या दुसऱ्या पर्यायाबद्दल, म्हणजे नाद सोडण्याबद्दल, मी एवढेच म्हणेन की सप्टेंबरच्या अखेरीसही पोकळ काडतुसावर नळी गचका खात असेल, तर यंदा परवाना खिशात ठेवून नुसते रानात जाऊन या. पण पत्रावरून मला तशी वेळ येईल असे वाटत नाही. आजच सहकाऱ्याची मॅग्नम आभार मानून परत करा. रायफल घेतल्यावर शिकारीची काडतुसे एकाच कंपनीची, एकाच गोळीची आणि शक्य तर एकाच खेपेची तीन पेट्या घ्या, कारण सरावाच्या स्वस्त काडतुसाची गोळी त्याच जागी लागतेच असे नाही, आणि ती उमलणारी नसेल तर शिकारीत चालतही नाही. नळीवर कोरलेले नाव आणि काडतुसाच्या बुडावर कोरलेले नाव प्रत्येक वेळी जुळवून पाहा. नेम दोनशे यार्डांवर बसवा. मग शंभरावर गोळी दीड-दोन इंच वर लागेल आणि तीनशेवर आठ-नऊ इंच खाली. डोंगरातल्या कच्च्या रस्त्याच्या धक्क्यांनी दुर्बीण हलते, म्हणून तळावर पोचल्यावर, हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, जवळच्या रेंजवर त्याच पेटीतली तीन काडतुसे खर्च करून नेम पुन्हा तपासा.